गाडीची गेलेली चमक घरच्या घरी परत आणताना

पाच-सहा वर्षांची गाडी धुऊन-पुसूनही मळकट दिसायला लागते. सावलीत बरी वाटते, पण उन्हात आणली की बोनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे उमटतात. टपावर पाण्याचे पांढरे डाग असतात, दारांच्या खालच्या भागावरून हात फिरवला तर खरखर लागते. अशा वेळी बहुतेक जण गाडी थेट रबिंग-पॉलिशला देतात, नाहीतर दुकानातून कंपाउंडचा, म्हणजे पॉलिशपेक्षा भरड अशा घासायच्या पेस्टचा, डबा आणून घासायला बसतात. घरच्या घरी हे काम नक्की जमतं, आणि बरेचदा बाहेरच्यापेक्षा चांगलं जमतं, कारण घरी घाई नसते. पण घासणं हा या कामाचा जवळजवळ शेवटचा टप्पा आहे. त्याआधीचं सगळं नीट केलं, तर पुष्कळ गाड्यांना जोरात घासायची वेळच येत नाही.

ते का, हे रंगाचे थर समजून घेतले की लक्षात येतं.

कारखान्यात पत्र्यावर साधारण चार थर चढतात. सगळ्यात खाली गंजरोधक थर असतो. गाडीचा अख्खा सांगाडा हौदात बुडवून विजेच्या मदतीने तो बसवतात. जाडी २० मायक्रॉनच्या आसपास (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यावर प्रायमर, ३० ते ४० मायक्रॉन. मग आपण ज्याला रंग म्हणतो तो बेस कोट, जेमतेम १५ ते २०. आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉन. सगळं मिळून १०० ते १३० भरतं, काही छोट्या गाड्यांवर त्याहूनही कमी. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. म्हणजे ज्या थरावर आपली सगळी मेहनत चालते, तो केसाच्या अर्ध्या-पाऊण जाडीचा आहे.

चमक दिसते ती या क्लिअर कोटच्या सपाटपणामुळे. सपाट पृष्ठभागावरून प्रकाश सरळ परततो, चरे असले की तो इकडेतिकडे विखुरतो आणि रंग फिका, धुरकट दिसतो. पॉलिश केल्यावर चरा भरून निघतो असा सर्रास समज आहे. प्रत्यक्षात चरा भरत नाही, त्याच्या भोवतालचा क्लिअर घासला जाऊन चऱ्याच्या तळाच्या पातळीला येतो. म्हणजे दर वेळी थर कमी होतो, आणि तो परत वाढत नाही. हलक्या पॉलिशने एखादा मायक्रॉन जातो, कंपाउंडने दोन-तीन, चुकीच्या हातात फिरत्या बफिंग मशीनने त्याहून बरंच जास्त. क्लिअर कोटमध्ये अतिनील किरण शोषणारी रसायनं असतात. थर फार पातळ झाला की ऊन खालच्या रंगापर्यंत पोहोचतं आणि काही वर्षांत टप व बोनेट सोलायला लागतात. गाडीच्या आख्ख्या आयुष्यात मिळून आठ-दहा मायक्रॉनपेक्षा जास्त क्लिअर काढू नये, असा ढोबळ हिशेब धरून चाला. दर दिवाळीला ‘रबिंग’ करून घेणारी गाडी हा हिशेब लवकर संपवते.

काही जुन्या गाड्यांवर, विशेषतः साध्या पांढऱ्या किंवा लाल रंगाच्या, वेगळा क्लिअर कोट नसतोच. रंग आणि चमक एकाच थरात असतात. ओळखायची खूण सोपी आहे. कोपऱ्यात थोडं पॉलिश पांढऱ्या फडक्यावर घेऊन हलकं घासा. फडक्याला गाडीचा रंग लागला तर थर एकच आहे. पांढऱ्या गाडीवर ही खूण अर्थात उपयोगाची नाही. एकेरी थराच्या रंगाला पॉलिश छान चढतं, पण जपून घासण्याचा नियम त्यालाही तितकाच लागू.

हात लावण्याआधी

गाडी धुऊन कोरडी करा आणि मोबाइलचा टॉर्च रंगापासून हातभर अंतरावर तिरका धरा. गोल जाळं दिसलं तर ते धुण्या-पुसण्यात पडलेले चरे आहेत, क्लिअरच्या वरच्याच भागातले. ते बहुतेक निघतात. सरळ, एकटा ओरखडा असेल तर त्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर चरा खोल आहे, तो पॉलिशने काढायच्या नादी लागू नका. नख अडकत नसेल तर त्यावर पाणी फवारा. ओला असताना चरा दिसेनासा झाला तर तो क्लिअरमध्येच आहे. ओला असतानाही आत करडा रंग दिसला तर प्रायमर उघडा पडलाय, चकचकीत किंवा तपकिरी दिसलं तर थेट पत्रा.

टपावर, बोनेटवर किंवा डिक्कीवर पांढरट चट्टे असून त्यांच्या कडा पापुद्र्यासारख्या उचललेल्या असतील, तर क्लिअर कोट सुटलेला आहे. याला कुठलंही पॉलिश, कुठलंही कोटिंग लागू पडत नाही. घासलं की चट्टा वाढतो. तो भाग पेंटरकडून पुन्हा रंगवून घेणं एवढाच उपाय उरतो, आणि हे आधी कळलं तर दिवस आणि पैसे दोन्ही वाचतात.

जाडी मोजायचं यंत्र कुणाकडून मागून मिळालं तर जरूर आणा. प्रत्येक भागावर चार-पाच ठिकाणी मोजा. १०० च्या आसपास आकडा आला तर मूळ रंग. २०० च्या पुढे गेला तर तो भाग बहुधा पुन्हा रंगवलेला. आणखी बराच वर असेल तर खाली लांबी, म्हणजे पोचे भरायची पुट्टी, भरलेली असणार. पुन्हा रंगवलेला क्लिअर बहुतेक वेळा मऊ असतो, कारण कारखान्यात तो १३०-१४० अंशांना भाजतात आणि गॅरेजच्या बूथमध्ये ६० अंशांच्या आसपास. मऊ क्लिअर चटकन घासला जातो, चरेही चटकन घेतो. साधं यंत्र फक्त धातूवर चालतं, प्लॅस्टिकच्या बंपरवर त्याचा उपयोग नाही. मॅट रंगाच्या किंवा मॅट फिल्म लावलेल्या गाडीला यातलं कुठलंच पॉलिश लावायचं नाही. तिथे घासाल तेवढा भाग कायमचा चकाकतो.

धुणं

बहुतेक चरे धुताना आणि पुसताना पडतात, म्हणून इथे शिस्त हवी. गाडी सावलीत, पत्रा हाताला गार लागत असताना धुवा. आधी नुसत्या पाण्याने वरून खाली धूळ-चिखल उतरवा; चाकांच्या कमानींच्या आतल्या कडेला साचलेला चिखल बोटाने उकरून काढा, गंज तिथूनच सुरू होतो. प्रेशर वॉशर असेल तर नोझल किमान फूटभर लांब. दगडाने रंग उडालेल्या जागी जवळून मारा बसला तर भोवतालचा रंगही उचलला जातो.

मग दोन बादल्या, प्रत्येकी दहा-बारा लिटर. एकीत गाडीचा शाम्पू, बाटलीवर दिलेल्या प्रमाणात, दुसरीत साधं पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मोजा साध्या पाण्यात खळबळून पिळायचा आणि मगच पुन्हा शाम्पूत. क्रम टप, काचा, बोनेट, डिक्की, दारांचा वरचा भाग आणि शेवटी खालचा. चाकांसाठी वेगळी बादली, वेगळं फडकं. कपड्यांची पावडर वापरू नका. न विरघळलेले कण घासले जातात आणि ती क्षारीयही असते. भांड्यांचं द्रव साबण मात्र एका प्रसंगी चालतं: पॉलिशच्या आधीच्या धुण्यात, जुनं वॅक्स उतरवायला. एरवी नाही.

पाण्याची टंचाई असेल तर न खळबळता धुण्याचे रिन्सलेस वॉश मिळतात. एका बादलीत, आठ-दहा मऊ फडक्यांत गाडी स्वच्छ होते. प्रत्येक फडक्याच्या घड्या घालून दर दोन-तीन हातांनी नवी बाजू घ्यायची, वापरलेलं फडकं परत बादलीत टाकायचं नाही. चिखलाने माखलेल्या गाडीला मात्र ही पद्धत चालत नाही.

पुसताना जाड, मऊ टॉवेल पसरून पाणी टिपून घ्या, रगडू नका. बोअरच्या पाण्याने धुतली असेल तर गाडी आपोआप वाळू देणं म्हणजे क्षार बसवून घेणं.

डाग: प्रत्येकाचं औषध वेगळं

इथे लोक सगळ्यात जास्त रंग वाया घालवतात. जो डाग रसायनाने किंवा नुसत्या पाण्याने सुटतो, तो कंपाउंडने रेटून काढतात.

पाण्याचे पांढरे गोल डाग कॅल्शियम आणि मॅग्नेशियमच्या क्षारांचे असतात, ते आम्लात विरघळतात. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं घ्या, फडकं भिजवून डागावर एक-दोन मिनिटं ठेवा, भरपूर पाण्याने धुवा. सावलीतच करा आणि वाळू देऊ नका. उघड्या पत्र्याच्या जागी व्हिनेगर लावू नका, गंज पकडतो. डाग गेला पण तिरक्या उजेडात वर्तुळ अजून दिसतंय, असं झालं तर क्षाराने क्लिअरला खळगा पाडला आहे. तो पुढे पॉलिशने कमी होईल किंवा तसाच राहील.

याचाच वाईट प्रकार इमारतींच्या तळघरातल्या पार्किंगमध्ये दिसतो. स्लॅब गळत असेल तर काँक्रीटमधला चुना घेऊन थेंब खाली येतो आणि टपावर, बोनेटवर पांढरे टणक ओघळ गोठतात. हे पाणी चांगलंच क्षारीय असतं, म्हणून डाग नुसता वर बसत नाही, क्लिअरला खातो. पहिल्याच दिवशी दिसला तर साध्या पाण्याने निघतो. जुना असेल तर व्हिनेगरमध्ये भिजवलेला कापूस पाच मिनिटं ठेवायचा, धुवायचं, पुन्हा ठेवायचा. चार-पाच वेळा करावं लागतं. नखाने किंवा पत्तीने खरवडलात तर चुन्याच्या खड्यासोबत क्लिअरही निघतो. बांधकामाजवळ उडालेल्या सिमेंटच्या शिंतोड्यांनाही हाच उपाय. आणि मुळात गळतीखालची जागा बदलून घ्या, नाहीतर महिन्याभरात पुन्हा तेच.

आंब्याच्या झाडाखाली उभ्या गाडीवर मोहराच्या दिवसांत चिकट थर बसतो. तो झाडाचा डिंक नसतो. मोहरावर बसणाऱ्या तुडतुड्यांच्या अंगातून निघणारा गोड चिकटा असतो. त्यावर धूळ बसते, मग काळी बुरशी वाढते. साखरेचाच प्रकार असल्याने कोमट पाण्यात विरघळतो. कोमट पाण्याचं फडकं पाच-दहा मिनिटं पसरून ठेवा, मग शाम्पू. कोरडा असताना घासलात तर अडकलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते.

पक्ष्यांची विष्ठा उन्हात सगळ्यात घातक. तापलेला क्लिअर किंचित मऊ होतो आणि विष्ठा वाळताना आकसते. संध्याकाळी गार होताना क्लिअर त्या आकारातच घट्ट होतो. विदर्भातल्या मे महिन्यात गडद रंगाचा पत्रा ७० अंशांच्या आसपास तापू शकतो, तिथे एका दुपारचं काम कायमचं राहतं. ओला टिश्यू पाच मिनिटं ठेवून वरच्या वर उचला, पुसत नेऊ नका. गाडीत पाण्याची बाटली आणि टिश्यूचा गठ्ठा असू द्या.

नव्या रस्त्यावरून आल्यावर दारांच्या खाली डांबराचे काळे ठिपके दिसतात. फडक्यावर थोडं रॉकेल किंवा तयार टार रिमूव्हर घेऊन मिनिटभर दाबून धरा, पुसा आणि शाम्पूने तेलकटपणा धुऊन टाका. पेट्रोल नको, आगीचा धोका आहेच, शिवाय रबर आणि प्लॅस्टिक खराब होतं. थिनर आणि नेलपॉलिश रिमूव्हर तर अजिबात नको, पुन्हा रंगवलेला भाग त्यात सरळ मऊ पडतो.

पांढऱ्या गाडीवर तपकिरी, टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसले की लोक म्हणतात, रंगाला गंज चढला. बहुतेक वेळा ते ब्रेकच्या आणि रेल्वेरुळांच्या घर्षणातून उडालेले लोखंडाचे सूक्ष्म कण असतात. ते क्लिअरमध्ये रुततात आणि गंजतात. लोहमार्गालगत राहणाऱ्यांच्या गाड्यांवर हे हमखास दिसतं. आयर्न रिमूव्हर, म्हणजे हे कण विरघळवणारं तयार रसायन, फवारा, तीन ते पाच मिनिटं थांबा; कणांभोवती जांभळे ओघळ येतात आणि उग्र वास सुटतो. वाळायच्या आत भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, मोकळ्या हवेत करा.

क्ले

एवढं झाल्यावर तळहातावर पातळ प्लॅस्टिकची पिशवी चढवून रंगावरून हलकेच फिरवा. नुसत्या हाताला न कळणारी खरखर पिशवीतून स्पष्ट कळते. ती क्लेने, म्हणजे रुतलेले कण उचलणाऱ्या मऊ मातीसारख्या वडीने, काढायची. बाजारात १०० ग्रॅमची वडी मिळते, त्यातला निम्माच तुकडा घ्या, म्हणजे एक खाली पडला तरी दुसरा उरतो. मळून पोळीच्या गोळीसारखा चपटा करा. अर्धा लिटर पाण्यात चमचाभर शाम्पू घालून फवाऱ्याच्या बाटलीत भरा, दोन फुटांचा चौकोन चांगला ओला करा आणि क्ले सरळ रेषेत, बोटांचा भार न देता फिरवा. सुरुवातीला ती अडखळते, मग घसरायला लागते. घसरली की तो भाग झाला. दर भागानंतर घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. जमिनीवर पडलेला तुकडा टाकून द्या, धुऊन वापरू नका. त्यात बसलेला एक वाळूचा कण अख्ख्या बोनेटवर रेघ ओढतो.

क्लेमुळे बारीक धूसरपणा येतो, गडद रंगावर जास्त. म्हणून क्ले केल्यावर निदान हलकं पॉलिश करायची तयारी ठेवा.

पॉलिश

अख्खी गाडी हाताने पॉलिश करून चऱ्यांचं जाळं जात नाही. हात दुखतो, चमक थोडी वाढते, चरे तिथेच राहतात. दरवाज्याच्या हँडलमागची वाटी, जिथे नखांचे ओरखडे असतात, किंवा एखादा वीतभर भाग हाताने होतो. बाकीला मशीन हवं. आणि घरी काम करणाऱ्याने मशीन ड्युअल अ‍ॅक्शनचंच घ्यावं, याबद्दल आमचं मत ठाम आहे. गॅरेजमधलं बफिंग मशीन एकाच आसावर गरगर फिरतं. एका जागी दोन सेकंद जास्त थांबलं तर क्लिअर तापून जळतो, आणि नवख्या हातून उन्हात दिसणारे लाटांसारखे पट्टे मागे राहतात. ड्युअल अ‍ॅक्शनमध्ये पॅड फिरता फिरता डोलतो, दाब वाढला की फिरणं थांबतं. चूक झाली तरी सावरायला वेळ मिळतो. ड्रिल मशीनला पॅड लावायची युक्ती टाळा, तीही एका आसावरच फिरते आणि हातात नीट बसत नाही.

पाच इंची प्लेट (जिच्यावर पॅड बसतो ती), १५ मिलिमीटरचा डोल, वेगाचे सहा टप्पे असलेलं मशीन पुरतं. सोबत मध्यम आणि मऊ मिळून सहा फोम पॅड, एक मध्यम कंपाउंड, एक बारीक पॉलिश, मास्किंग टेप आणि दहा-बारा मायक्रोफायबर. डब्यात मिळणारं घट्ट रबिंग कंपाउंड पेंटरच्या कामाचं असतं, पॉलिश पेपरच्या रेघा काढायला. रोजच्या गाडीला ते फार भरड पडतं. टूथपेस्टचा सल्लाही मनावर घेऊ नका. तिचे कण दातांसाठी बेतलेले असतात आणि रंगावर धूसर ठिगळ उमटतं.

काळ्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, रबर, दिवे आणि बोनेट-दारांच्या कडा टेपने झाका. कडांवर आणि पत्र्याच्या उठावदार रेषांवर रंग मुळातच पातळ बसतो, पॅडचा सगळा भारही तिथेच पडतो. रंग जळून प्रायमर दिसण्याचे बहुतेक प्रकार या रेषांवर घडतात. काळ्या प्लॅस्टिकला कंपाउंड लागलं की पांढरं होतं आणि जाता जात नाही.

आता चाचणीचा चौकोन. बोनेटवर दीड फुटाचा चौकोन टेपने आखा आणि सगळ्यात सौम्य जोडीने सुरू करा: मऊ पॅड, बारीक पॉलिश. टॉर्चखाली बघा. समाधान झालं नाही तर मध्यम पॅड, तेच पॉलिश. तरीही नाही, तर मध्यम पॅड आणि कंपाउंड. ज्या सौम्य जोडीने ८० टक्के चरे गेले, तीच अख्ख्या गाडीला वापरा. उरलेल्या २० टक्क्यांसाठी दुप्पट क्लिअर घालवावा लागतो, तो घालवू नये. खोल चरा तळापर्यंत गेला नाही तरी त्याच्या कडा बोथट होतात आणि तो नजरेला कमी खुपतो.

प्रत्यक्ष काम असं. नव्या पॅडच्या तोंडावर पॉलिशचा पातळ हात एकदा फिरवून घ्या, मग हरभऱ्याएवढे तीन-चार थेंब. जास्त घातलं तर पॅड चिकट होतो आणि घासणं थांबतं. पॅड रंगावर टेकवूनच मशीन चालू करा, नाहीतर भिंतीवर शिंतोडे. दोन फुटांच्या चौकोनात पहिल्या वेगावर पसरवा, मग चौथ्या-पाचव्या वेगावर आधी आडवे, मग उभे हात फिरवा, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. असे चार ते सहा फेरे. हात सावकाश, सेकंदाला तीन-चार सेंटिमीटर. प्लेटच्या कडेला मार्करने एक रेघ ओढून ठेवा. रेघ फिरताना दिसली तर पॅड फिरतोय. न फिरता नुसती थरथरली तर तुम्ही फार दाबताय किंवा मशीन वाकडं धरलंय, आणि तेव्हा फारसं काही घासलं जात नसतं. शेवटच्या फेऱ्याला दाब फक्त मशीनच्या वजनाचा.

पुसा, टॉर्च मारा, पुढच्या चौकोनाला जा. दर चौकोनानंतर पॅड मऊ ब्रशने झाडा. निघालेला क्लिअर आणि वाळलेलं पॉलिश त्यात साचतं. चार-पाच चौकोनांनंतर पॅड गरम आणि ओलसर होतो, तो बाजूला ठेवून दुसरा लावा. सहा पॅड लागतात ते याचसाठी. मधूनमधून रंगावर हाताची मागची बाजू ठेवून बघा. कोमट चालेल, चटका नको. प्लॅस्टिकचा बंपर उष्णता पसरवत नाही, तिथे वेग एक टप्पा कमी आणि फेरेही कमी. पॉलिश पावडरसारखं उडायला लागलं तर ऊन जास्त आहे, माल कमी आहे किंवा फेरे जास्त झालेत. मास्क आणि चष्मा घाला. वायर खांद्यावरून मागे टाका, म्हणजे ती रंगावर घासत नाही. जमीन कोरडी आणि प्लग तीन पिनचा असावा. धुतल्या-धुतल्या ओल्या फरशीवर हे मशीन चालवायचं नाही.

कंपाउंड वापरलं असेल तर गडद रंगावर दुधट झाक दिसते. मऊ पॅड आणि बारीक पॉलिशचा एक हात तिसऱ्या-चौथ्या वेगावर दिला की ती जाते आणि रंगाची खोली परत येते. छोट्या गाडीला पॉलिशचा एकच हात द्यायलाही सहा ते आठ तास लागतात. दोन दिवसांत वाटून केलं तर उत्तम.

झाल्यावर एक खातरजमा हवीच. पॉलिशमधलं तेल चऱ्यांत बसून ते झाकतं. काही स्वस्त ‘इन्स्टंट शाइन’वाले नुसतं हेच करतात, म्हणून दोन-तीन धुण्यांत चरे परत दिसतात. ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि डिस्टिल्ड वॉटर तीन भाग मिसळा, फवारून स्वच्छ फडक्याने पुसा. आता टॉर्चखाली दिसतं ते खरं काम. ताज्या रंगवलेल्या भागाला हे लावू नका.

वरचं संरक्षण

उघडा क्लिअर तसाच ठेवू नका. कार्नोबा वॅक्स दिसायला सुरेख, पण आपल्या उन्हाळ्यात महिना-दोन महिने टिकतं. सिंथेटिक सीलंट, म्हणजे वॅक्ससारखाच पण कृत्रिम लेप, तीन ते सहा महिने. दोन्ही अगदी पातळ लावायचे, जाड थराने काहीच वाढत नाही, पुसायचा त्रास तेवढा वाढतो. सिरॅमिक कोटिंग घरी लावता येतं आणि नीट बसलं तर वर्ष-दोन वर्षं पाणी आणि मळ धरू देत नाही, पण त्याने चरे पडायचे थांबत नाहीत. त्याखालचे चरेही कोटिंगसोबत बंदिस्त होतात, म्हणून पॉलिश समाधानकारक झाल्याशिवाय लावू नका. दीड-दोन फुटांच्या चौकोनात लावा, इंद्रधनुषी तवंग दिसला की लगेच पुसा. उशीर झालेल्या जागी काळपट ठिगळ घट्ट बसतं आणि पुन्हा पॉलिश करूनच निघतं. पहिले २४ तास पाणी लागू देऊ नका, आठवडाभर शाम्पू नको. गॅरेजमध्ये नुकताच रंगवलेला भाग असेल तर किमान महिनाभर त्यावर वॅक्स-कोटिंग काही नको, रंगातली द्रावकं (थिनरसारखी उडून जाणारी द्रव्यं) बाहेर पडायला वाट हवी असते.

दगडाने उडालेला रंग

हायवेवर, एक्स्प्रेसवेवर सतत फिरणाऱ्या गाड्यांच्या बोनेटची पुढची कड ठिपक्या-ठिपक्यांची होते. पत्रा दिसत असेल तर कोकणच्या खाऱ्या हवेत थांबू नका. रंगाचा कोड ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा बोनेटखालच्या पट्टीवर असतो. त्या कोडचाच टच-अप, म्हणजे ठिपके भरायचा छोट्या बाटलीतला रंग, घ्या, ‘सिल्व्हर’ एवढं सांगून आणू नका. ठिपक्यातला गंज टोकदार केलेल्या ८०० नंबरच्या वॉटर पेपरने खरवडा, अल्कोहोलने पुसा. पत्र्यावर आधी प्रायमरचा थेंब. टच-अपच्या बाटलीतला ब्रश फार जाड असतो, टूथपिक वापरा. रंग एकदम भरू नका. पातळ थर, अर्धा तास थांबा, पुन्हा थर; आतला रंग वाळताना आकसतो, म्हणून दोन-तीन लागतात. मग क्लिअर, भोवतालच्या पातळीच्या किंचित वर येईल इतका. भट्टी नसल्याने तो पूर्ण कडक व्हायला आठवडा द्या. मग पेन्सिलच्या मागच्या रबराला २००० नंबरचा वॉटर पेपर लावून, साबणाच्या पाण्यात, फक्त उंचवट्यावर चार-पाच हात. पुढे ३०००, शेवटी पॉलिश. घाई करून दुसऱ्याच दिवशी घासलं तर अख्खा ठिपका निघून येतो.

नंतर

पॉलिशसाठी पावसाळा संपल्यानंतरचे दिवस चांगले. दसऱ्याला गाडीची पूजा झाली की कुंकू-हळद त्याच संध्याकाळी ओल्या फडक्याने उचला. तेल किंवा पाणी मिसळलेल्या कुंकवाचा रंग फिक्या गाडीवर उन्हात धरतो. झेंडूचा हार तारेने बांधला असेल तर तार रंगाला टेकू देऊ नका आणि हार लावून लांबचा प्रवास करू नका. वाऱ्याने तो धुळीसकट बोनेटवर घासत राहतो.

सोसायटीत रोज सकाळी गाडी पुसून घेत असाल तर ते थांबवा, किंवा पद्धत बदलायला सांगा. एका बादलीत, एका फडक्याने दहा गाड्या पुसल्या की पहिल्या गाडीची धूळ दहाव्या गाडीला पॉलिश पेपर म्हणून लागते. चऱ्यांचं जाळं जास्त करून इथलंच असतं. आठवड्यातून एकदा नीट धुणं रोजच्या पुसण्यापेक्षा चांगलं. पुसून घ्यायचंच असेल तर स्वतःची चार मायक्रोफायबर त्यांना द्या आणि आधी पाणी मारायला सांगा. मोराच्या पिसांसारखा झाडणीचा ब्रशही कोरड्या धुळीवर फिरवू नका. उघड्यावरच्या गाडीला कव्हर घालताना गाडी आधी स्वच्छ हवी, नाहीतर वाऱ्यात कव्हरच घासतं.

फडकी कपड्यांसोबत धुऊ नका. कोमट पाणी, थोडं द्रव डिटर्जंट, सॉफ्टनर अजिबात नाही, कारण त्याने तंतू बंद होतात आणि पाणी शोषणं थांबतं. सावलीत वाळवा. जमिनीवर पडलेलं फडकं त्या दिवसापासून चाकांचं.